नाशिक, मोंबासा, रतनपूर: आमच्या फिरत्या प्रदर्शनाच्या कामाची वही

२ नोव्हेंबर २०२५, मुंबई

काम ठरलं. येत्या मे महिन्यात मलिक अंबरच्या मृत्यूला चारशे वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्तानं आम्ही सिद्दी, म्हणजे आफ्रिकी मुळांची, मुलंमुली आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आलेल्या माणसांचं एक फिरतं प्रदर्शन मराठीत उभं करणार आहोत. शाळेचा वर्ग, दर्ग्याचं अंगण, समाजमंदिर, कुठंही दोरी बांधून टांगता आलं पाहिजे. वीज आणि पडदा लागणार नाही असंच सगळं करायचं.

खालाचा मुलगा आवाज टिपणार, मजकूर माझ्याकडे, कापडाचं काम कर्नाटकातल्या हल्याळची मैत्रीण बघणार. ती सिद्दी ख्रिस्ती, मी सिद्दी मुसलमान, आणि तिच्या शेजारच्या वाडीत सिद्दी हिंदू. आमच्यात हे नवीन नाही.

माझ्या मनात एक गोष्ट पहिल्यापासून पक्की आहे. आमच्या मुलांना पुस्तकात दोनच हबशी भेटतात: दरबारातला पराक्रमी वजीर आणि जंजिऱ्याच्या तटावरचा शत्रू. दोघंही तलवारवाले, दोघंही पुरुष. लोहारकाम शिकलेला मुलगा, दर्ग्यात नारळाचा खुळखुळा वाजवणारी बाई, गोधडी शिवणारी आजी यांच्यासाठी एकही ओळ नाही. या प्रदर्शनात जास्त जागा त्यांना.

९ नोव्हेंबर

अंबरचा फलक लिहून झाला. हा सोपा, कारण त्याच्याबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात, नाव चापू. लहानपणीच विकला गेला, हात बदलत बगदादला पोचला, तिथल्या मालकानं अंबर हे नाव दिलं. पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीजखानही मूळचा हबशीच. तिथून अंबर स्वतः निजामशाहीचा कर्ता-करविता झाला, १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला नहरीनं पाणी आणलं, जमिनीची मोजणी करून महसूल बांधला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथं पडले. १६२६ मध्ये अंबर गेला. कबर खुलताबादला.

चित्र एकच ठेवलं, मुघल चित्रकारांच्या शैलीतलं. लढाईचा नकाशा काढून टाकला. नहरीचा नकाशा मात्र मोठा घेतला.

२३ नोव्हेंबर, नाशिक

आजचा दिवस शरणपूरला. नाशिककर रोज शरणपूर रोडनं ये-जा करतात. या नावामागं आफ्रिकेची मुलं आहेत हे किती जणांना ठाऊक असेल?

एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलाम वाहणारी गलबतं पकडायचं. सुटलेली माणसं एडनला, कराचीला, मुंबईला उतरवली जायची. त्यात लहान मुलं खूप. त्यांना घरी पोचवणार कुठं? घर म्हणजे न्यासा सरोवराकडचं एखादं गाव, तिथून किनाऱ्यापर्यंत महिनोन्महिने चालवत आणलेलं, आणि गावाचं नाव विचारणाऱ्याला त्या नावाचा ठिकाणा माहीत नाही. मुंबईतली अशी कितीतरी मुलं नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत पाठवली गेली. तिथं आफ्रिकन मुलांचा आश्रम होता. लिहायला-वाचायला शिकवायचे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवायचे, बाप्तिस्मा देऊन इंग्रजी नावं द्यायचे. वेनराइट, वेलिंग्टन, जोन्स, सेमलर. आईनं ठेवलेलं नाव बहुतेकांच्या बाबतीत कागदावर उरलेलंच नाही.

जुन्या चर्चशी नातं असलेले एक निवृत्त शिक्षक आमच्याबरोबर फिरले. मी म्हटलं, "सर, इथं त्यांच्यातलं आता कोण आहे?" सर म्हणाले, "बाळ, कोण आहे हे कसं सांगू? लग्नं झाली, पोरंबाळं झाली, काही मुंबईला गेली. आमच्याच कुणाच्या तरी पणजीच्या घरात असतील ती." आवाज टिपायची परवानगी त्यांनी लगेच दिली. त्यांचं हे वाक्य फलकावर जसंच्या तसं घ्यायचं.

रात्री, नाशिकलाच

जेकब वेनराइटवर आज थांबावंसं वाटतंय. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ मध्ये शेवटच्या मोहिमेला निघाला तेव्हा नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. जेकब नंतरच्या तुकडीतला, १८७२ मध्ये मदतीला पाठवलेला. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावात मेला, आजच्या झांबियात. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी ठरवलं की शव त्याच्या लोकांपर्यंत न्यायचं. काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबनं वाचली, खोडावर नाव आणि तारीख त्यानंच कोरली. शव वाळवून, सालीत आणि कापडात गुंडाळून ही माणसं महिनोन्महिने चालत राहिली आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्याला लागली. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब होता.

जगभर ही गोष्ट लिव्हिंगस्टनची म्हणून सांगितली जाते. आमच्या फलकावर ती जेकबची आहे. तो याओ जमातीतला. लहानपणी पळवला गेला, समुद्रात सुटला, गोदाकाठी अक्षर शिकला, आणि तेच अक्षर घेऊन आफ्रिकेच्या पोटात गेला. त्या झाडावर कोरायला जे हात होते ते नाशिकच्या शाळेत तयार झाले होते. मला हे वाचून अभिमान वाटला आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

३० नोव्हेंबर

नाशिकचा दुसरा फलक: परत गेलेले.

सगळ्या प्रदर्शनात मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुळांकडे परत जाणं म्हटलं की अलीकडे घानाचं नाव येतं. २०१९ मध्ये घानानं परतीचं वर्ष साजरं केलं, अमेरिकेतले हजारो कृष्णवर्णीय लोक केप कोस्टच्या किल्ल्यावर गेले, रडले, काहींनी तिथं घरं घेतली. ते बघताना माझंही मन भरून आलं होतं. पण परत जाण्याची एक वाट आमच्या नाशकातून दीडशे वर्षांपूर्वी निघाली आहे.

१८६४ पासून नाशिकची मंडळी आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईला जाऊ लागली: विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. १८७३ मध्ये बार्टल फ्रीअर झांझिबारला गेला. हा आधी मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच वर्षी सुलतान बरघशनं गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह केला. मग मोंबासाच्या खाडीपलीकडे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं. ते उभारायला पाठवलेला पाद्री प्राइस आधी नाशकातच वर्षानुवर्षं काम करत होता, आणि त्यानं हाताशी घेतली ती नाशिकचीच शिकलेली माणसं.

तिथं त्यांना काय म्हणत? बॉम्बे आफ्रिकन. ज्या मातीतून त्यांना ओढून नेलं होतं त्याच मातीत ते मुंबईवाले ठरले. त्यांची राहणी, कपडे, शिक्षण वेगळं होतं. गोरे मिशनरी त्यांना बरोबरीनं वागवत नव्हते, पगारावरून आणि मानावरून खटके उडत होते. स्थानिकांना ते मिशनचे वाटत होते. तरी त्यांनी तिथं पाय रोवले. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टननं दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला आणि उरलेल्या माणसांना जोन्सनं परत रबाईला आणलं. रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळत होता. मालक दारात येऊन माणसं मागायचे. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनं मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ ला तिथं चौदाशेच्या आसपास माणसांना सुटकेचे कागद दिले गेले. ज्याला स्वतःला एकदा सोडवलं गेलं होतं त्यानं आपलं दार बंद केलं नाही. यावर मी आणखी काय लिहू?

फ्रीअरटाउनची घंटा अजून तिथं आहे आणि मोंबासात त्या जागेला केंगेलेनी म्हणतात. मॅथ्यू वेलिंग्टन, नाशकातलाच, लिव्हिंगस्टनचं शव वाहणाऱ्यांपैकी. तो मोंबासात १९३५ पर्यंत जगला. म्हणजे माझी पणजी लहान होती तेव्हा तो होता.

७ डिसेंबर, मुंबई

बैठकीत जनुकीय तपासणीचा विषय निघाला. खालाच्या मुलाला वाटतं की गटातल्या सगळ्यांनी थुंकी पाठवावी आणि कोण कुठल्या देशाचं हे नकाशावर टिंबानं दाखवावं. त्याचा उत्साह मला समजतो. लोकलमध्ये आयुष्यभर 'कंट्री कुठली?' हा प्रश्न ऐकला की एकदा तरी ठाम उत्तर द्यावंसं वाटतं.

पण माझं मत वेगळं पडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये सिद्दींवर केलेला अभ्यास आहे. आमच्या आफ्रिकी पूर्वजांचा मोठा हिस्सा बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी जुळतो, आणि त्यात इथल्या शेजाऱ्यांचं रक्त मिसळलेलं आहे, असं त्यात दिसलं. बांटू भाषा म्हणजे कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेलं जग. त्यातून गाव निघत नाही. अटलांटिकपार नेलेल्या माणसांच्या हजारो जहाजी सफरी निदान कागदावर आहेत: जहाज, बंदर, माणसांची संख्या. आमच्या समुद्रात गलबतं मोसमी वाऱ्यावर यायची, खजूर, हस्तिदंत, कापड यांच्याबरोबर पाच-दहा माणसं असायची आणि कुणी यादी करत नव्हतं. शतकानुशतकं असं चाललं. कुणी सैनिक म्हणून, कुणी खलाशी, कुणी व्यापारी म्हणून, कुणी साखळीत. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्याला आणलेले लोक पळून घाटावरच्या रानात गेले, हल्याळ-यल्लापूरची बरीचशी वस्ती त्यांची. आम्ही एका जागेहून आलोच नाही.

तपासणी ज्याला करायची त्यानं स्वतःसाठी करावी. प्रदर्शनात टिंबं नकोत, वाटा दाखवू. ठरलं.

२६ डिसेंबर, रतनपूर

नानीच्या माहेरी. भरुच जिल्ह्यात झगडियाच्या पुढं, टेकडीवर बावा गोरचा दर्गा, जवळ त्यांचे भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिस्रा. आमच्या घरी नवस माईला बोलतात, बाळंतपणाचे तर तिलाच.

सकाळी अकीकच्या फलकासाठी सामान गोळा केलं. या टेकड्यांत अकीक सापडतो. दगड काढायचा, उन्हात वाळवायचा, मंद आचेत भाजायचा, मग मळका पिवळा रंग लाल होतो. पैलू आणि भोक पाडायला खंबायतला. या धंद्याची सुरुवात बावा गोरनं करून दिली असं कारागीर मानतात. खंबायतचे मणी शतकानुशतकं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकले जात होते. तिथल्या जुन्या बंदरांच्या उत्खननात असे मणी निघतात. ज्या पाण्यावरून आमची माणसं इकडे आली त्याच पाण्यावरून इथले दगड तिकडे कुणाच्या तरी गळ्यात जात होते. फलकाला खरे मणी शिवायचे, मुलांना हात लावता येईल असे.

दुपारी मामूंकडे मलुंगा. हे वाद्य वाजवणारे आता थोडे उरलेत, म्हणून मी आधीपासून मामूंच्या मागं होते. वाकवलेल्या काठीला एक तार, काठीला बांधलेला पोकळ भोपळा, एका हातात बारीक काडी. भोपळा पोटाशी धरला की आवाज घुमतो, दूर केला की मोकळा होतो. एका तारेतून एवढं निघतं हे समोर बसल्याशिवाय पटत नाही. खालाच्या मुलानं मोबाइलवर ब्राझीलचं बेरिंबाव वाजवून दाखवलं. तीच काठी, तोच भोपळा, पोटाशी धरायची तीच रीत. ब्राझीलला ते मध्य आफ्रिकेतून नेलेल्या लोकांबरोबर गेलं. मामूंनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "हा आपल्याच घरचा आहे. हाताला मात्र घाई आहे याच्या." मग त्याच चालीवर त्यांनी स्वतः वाजवलं. ते ध्वनिमुद्रण सुरेख आलंय.

संध्याकाळी गोमा, आमचा ढोलांवरचा नाच. मुगरमान हा ढोल जमिनीवर उभा, मुसिंडो हा ढोल गळ्यात, बायकांच्या हातात नारळाच्या करवंटीचा खुळखुळा, त्याचंही नाव माई मिस्रा. टीव्हीवाले आणि पर्यटनवाले याला आदिवासी नाच म्हणून दाखवतात, मोरपिसं आणि चेहऱ्यावर रंग लावून. डोक्यावर नारळ फोडला की टाळ्या. आम्ही कॅमेरा ढोलांवर आणि बायकांच्या हातांवर ठेवला. नानीनं गायलेल्या जिक्रात, म्हणजे भक्तिगीतात, काही ओळी अशा आहेत की त्यांचा अर्थ तिलाही ठाऊक नाही. ती म्हणाली, "अम्मी अशीच म्हणायची, मी तशीच म्हणते. तू बदलू नको." बदललं नाही. फलकावर ओळी जशा ऐकल्या तशा, खाली अर्थ नाही.

११ जानेवारी २०२६, हल्याळ

कापडाच्या नकाशाचं काम सुरू झालं. मी इथं मुख्यतः पाणी भरायला, सुया ओवायला आणि बघायला होते.

सिद्दी बायकांची कवंदी आता परदेशातल्या संग्रहालयांतही पोचली आहे, पण इथं ती पांघरायची वस्तू आहे. खाली जुनी साडी, वर घरातल्या कपड्यांचे तुकडे. शिवण कडेपासून धरतात आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येतात. आमच्याकडच्या गोधडीसारखाच साधा धावदोरा, पण तुकड्यांची मांडणी आधी आखत नाहीत, शिवतानाच ठरते. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लागतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी राहते, असं इथल्या मावशी म्हणतात.

आम्हाला हवा होता हिंद महासागर: डावीकडे मोंबासा, झांझिबार, मोझांबिक, वर एडन, उजवीकडे भरुचपासून गोव्यापर्यंतचा किनारा. मी कागदावर आराखडा आणला होता. मावशींनी तो चुलीजवळ ठेवला आणि म्हणाल्या, "कडेला जमीन, मधे पाणी. मग सोपं आहे. जमीन आधी होईल, समुद्र शेवटी." कवंदीच्या रीतीतच हा नकाशा बसला. दोन्ही किनारे एकाच वेळी कडेनं वाढत आले आणि मधलं निळं हळूहळू आक्रसत गेलं. निळ्यासाठी कुणाची शाळेची पॅन्ट आहे, कुणाचा परकर. मोंबासाला मैत्रिणीच्या आईच्या लग्नाच्या साडीचा काठ लागला, कारण तो भाग मावशींना आवडला.

मजुरीचं आधीच बोललो. दिवसाच्या रोजंदारीपेक्षा जास्त, आणि शिवणाऱ्या प्रत्येकीचं नाव त्यांना हवं तसं मागच्या बाजूला भरतकामात. हौस म्हणून कुणाकडून काही करून घ्यायचं नाही, हा आमचा नियम राहील.

इथं गप्पांत सत्तेच्या गोष्टीही निघाल्या. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले. गुजरातमधल्या जांबूरच्या हिराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा हल्याळच्या वाडीतही पेढे वाटले होते. त्यांचा एक फलक होईल. लहान ठेवू, फोटो मोठा.

१ फेब्रुवारी, मुंबई

आजची बैठक जड गेली. विषय: विकत घेणारे कोण होते, यावर फलक करायचा की नाही.

समाजातल्या एका ज्येष्ठ चाचांचं म्हणणं असं की मुलांना मान वाटेल तेवढंच दाखवा. त्यांच्या बोलण्यात तळमळ होती आणि तिचा मी आदर करते. पण अंबर विकला गेला हे लिहिणार असू तर विकत कोण घेत होतं हेही लिहावं लागेल. झांझिबारच्या सुलतानाची जकात वर्षानुवर्षं कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांच्या, जयराम शिवजींच्या पेढीकडे मक्त्यानं होती आणि त्या बंदराची भरभराट माणसांच्या बाजारावर चालली होती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री लिहिलेली आहे. त्यातल्या बहुतेक इथल्याच गोरगरीब बायका. आणि सिद्दी सरदारांच्या घरीही बटकी होत्या, आमचेच लोक दोन्ही बाजूंना उभे आहेत. सगळा दोष गोऱ्यांवर आणि अरबांवर टाकला तर हा किनारा फार स्वच्छ दिसतो, आणि तो तसा नव्हता.

अम्मी इतका वेळ चहा देत होती. ती म्हणाली, "पोरांना शाळेत चिडवतात ते त्यांना माहीतच आहे. खरं कळलं तर निदान उत्तर तरी देतील." चाचा हसले आणि म्हणाले, "मग भाषा तरी सौम्य ठेव बेटा." ठेवली आहे. फलक राहतो.

१५ फेब्रुवारी, मुरूड

पहिली चाचणी. पंचायतीच्या जवळच्या एका वर्गात दोऱ्या बांधून टांगलं. मुलं सगळ्या समाजांची, कोळी, आगरी, मुसलमान, त्यात सिद्दी घरांची थोडी. सकाळी खोकरीला सिद्दी सरदारांच्या कबरींच्या घुमटांवर गेलो होतो, तिथल्या दगडी जाळ्यांचे फोटो घेतले. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. त्यानंतर नवाबाचं काय झालं हे सगळे सांगतात. नवाबाच्या पदरी असलेल्या साध्या सिद्दी माणसांचं काय झालं हे विचारल्यावर गावातल्या एका आजींनी आपली कहाणी सांगितली: तांडेल बाप, मासळी, मुंबईची गोदी, मग वसईचं भाड्याचं घर. ती नोंदवली. मुरूडच्या फलकावर घुमटांच्या शेजारी हीच कहाणी येईल.

मुलं सर्वांत जास्त वेळ कवंदीच्या नकाशापाशी होती, मण्यांना हात लावत. जेकबच्या फलकाशी एका कोळ्याच्या मुलीनं विचारलं, "ताई, तो नाशिकला परत आला का?" मी सांगितलं, नाही, तो पूर्व आफ्रिकेतच राहिला आणि आजच्या टांझानियात वारला. ती म्हणाली, "मग त्याला नाशिकची आठवण येत असेल." आफ्रिकेची आठवण येणारा माणूस आम्ही सगळ्यांनी कल्पिला होता. नाशिकची आठवण येणारा आफ्रिकेतला माणूस मी कधी डोळ्यांपुढं आणला नव्हता. तिचं वाक्य, तिच्या आईला विचारून, नावाशिवाय, त्या फलकाखाली जाईल.

८ मार्च, मुंबई

छपाईला कापड दिलं. सुती, फ्लेक्स नाही, धुता येईल असं. अक्षर मोठं, म्हातारी माणसंही वाचतील.

मोंबासाच्या एका शाळेतल्या इतिहास शिकवणाऱ्या बाईंशी गेले काही आठवडे पत्रव्यवहार चालू आहे. त्यांचे पूर्वज फ्रीअरटाउनमध्ये उतरवलेल्यांपैकी. त्यांना नाशिकचे फोटो हवेत: शरणपूर, गोदावरीचा घाट, आजचा रस्ता. त्यांच्या घरात नाशिक हे नाव पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, बघितलेलं कुणी नाही. मी फोटो काढायला पुढच्या रविवारी जाते आहे, सर बरोबर येतील. त्या बदल्यात त्या केंगेलेनीची घंटा वाजतानाचं मुद्रण पाठवणार आहेत, वाजवायची परवानगी मिळाली तर.

त्यांच्यासाठी नाशिकचे दोन फलक स्वाहिलीत करायचे ठरलं. भाषांतर त्या बघतील, कापड आणि शिवण आमच्याकडून. हल्याळला निरोप दिलाय की दुसरी कवंदी लागेल. मावशींनी विचारलंय की तिकडच्या बायका जुने कपडे पाठवतील का, म्हणजे मोंबासाचा तुकडा मोंबासाच्या कापडाचा लावता येईल. विचारलं आहे. मे महिन्यात खुलताबादला पहिली कवंदी, दुसरी जमेल तेव्हा.

उरलेली कामं: मलुंग्याच्या मुद्रणातला कुत्र्याचा आवाज काढणं, आजींना त्यांचा फलक वाचून दाखवून होकार घेणं, खुलताबादच्या सभागृहाचं भाडं भरणं, दोरी जास्तीची घेणं.